काम न करता अकरा महिने स्पेनमध्ये : व्हिसा कसा मिळाला आणि तिथे पोचल्यावर काय काय करावं लागलं

आम्ही दोघं ५ ऑगस्टला वालेन्सियाला पोचलो आणि पुढच्या वर्षी २६ जूनला परत निघालो. नोकरी नाही, लॅपटॉपवरचं काम नाही, एका शहरात राहायचं, भाषा शिकायची, चालायचं, वाचायचं एवढाच बेत होता. परत आल्यापासून ओळखीतले सगळे एकच विचारतात की इतके दिवस राहू कसे दिले, म्हणून सगळं एका जागी लिहितेय.

सुरुवात आमचीही चुकीचीच झाली होती. नवऱ्याच्या पासपोर्टवर आधीचा पाच वर्षांचा मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) होता, त्यामुळे आम्हाला वाटलं होतं की झालं काम, जाऊन राहायचं. तर तसं नाहीये. व्हिसा पाच वर्षांचा असला तरी राहायला मिळतात कुठल्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस, ते पण सगळ्या २९ शेंगेन देशांत मिळून, आणि पोचलेला दिवस नि निघालेला दिवस दोन्ही मोजतात. मध्येच चार दिवस शेंगेनच्या बाहेर जाऊन आलं की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते असं पुष्कळ लोक सांगतात, ते साफ खोटं आहे. कुठल्याही दिवशी उभं राहून मागचे १८० दिवस मोजायचे असतात. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद ठेवणारी नवी सिस्टिम टप्प्याटप्प्याने सुरू केलीय, त्यामुळे शिक्का पुसट आहे, कोण बघतंय, हे दिवस संपले.

९० दिवसांच्या वर राहायचं तर त्या त्या देशाचा लाँग स्टे व्हिसा लागतो, त्याला डी व्हिसा म्हणतात. इथे माझं ठाम मत आहे की आधी देश निवडू नका, आधी आपला पैसा कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. पेन्शन, घरभाडं, डिव्हिडंड असं दर महिन्याला काहीतरी येत असेल तर पोर्तुगालचा डी७ सोपा पडतो, तिथल्या किमान वेतनाएवढं उत्पन्न दाखवावं लागतं, २०२५ साली ते महिना ८७० युरो होतं. फ्रान्सचा व्हिजितर म्हणून लाँग स्टे व्हिसा आहे, त्यात तिथे कसलंही काम करणार नाही असं सही करून लिहून द्यावं लागतं आणि पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो, विसरलात तर मुक्काम बेकायदा. वय पन्नासच्या वर असेल आणि युरोपच हवं असा हट्ट नसेल तर थायलंडचा रिटायरमेंटचा पर्याय बघा, तिथे बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवतात आणि दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो.

आमच्याकडे दर महिन्याचं उत्पन्न थोडं आणि साठवलेला पैसा बऱ्यापैकी, म्हणून स्पेनचा नॉन लुक्रेटिव्ह व्हिसा, म्हणजे तिथे काही न कमावता राहायचा, सगळे एनएलव्ही म्हणतात तो. त्यात साठवलेली रक्कमसुद्धा चालते. हिशोब असा, की स्पेनमध्ये उत्पन्नाच्या अटी मोजायला आयप्रेम नावाचा एक सरकारी आकडा आहे, २०२३ पासून तो महिना ६०० युरो आहे. मुख्य अर्जदाराला त्याच्या चौपट म्हणजे वर्षाला २८,८०० युरो आणि सोबतच्या प्रत्येक माणसामागे अजून ७,२००. दोघांचे मिळून ३६,००० झाले. आम्ही थोडे जास्तच दाखवले. फक्त एक चूक केली, अर्जाच्या महिनाभर आधी एफडी मोडून सगळी रक्कम एका खात्यात आणली, त्यामुळे स्टेटमेंटवर एकदम मोठा आकडा जमा झालेला दिसला आणि तो कुठून आला याचे कागद नंतर वेगळे मागितले गेले, त्यात दोन आठवडे गेले. पैसे निदान सहा महिने आधीपासून शांतपणे खात्यात बसलेले असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काम न करणे म्हणजे खरंच काम न करणे. परदेशातल्या कंपनीचं काम घरी बसून करू, स्पेनमधला पगार थोडीच आहे, असं म्हणणारे खूप भेटले. एनएलव्हीवर ते चालत नाही. रिमोट कामासाठी स्पेनने २०२२ च्या स्टार्टअप कायद्यात डिजिटल नोमॅडचा वेगळा रस्ता काढलेला आहे, काम करायचं असेल तर त्याने जा. मी नोकरी सोडल्याचं पत्र अर्जासोबत जोडलं, नवऱ्याचं सुद्धा. लपवून गेलेल्या एका जोडप्याला आम्ही तिथे भेटलो, वर्षभर कुणी काय करता विचारलं की त्यांचा चेहरा उतरायचा, असं राहण्यात काय सुख आहे.

कागदांत तीन गोष्टी वेळ खातात. पहिली पोलीस क्लिअरन्स, मागच्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिलात तिथली, अपोस्टिलसकट, म्हणजे कागद खरा आहे असा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. दुसरी डॉक्टरचं सर्टिफिकेट, त्यात नुसतं तब्येत चांगली आहे असं लिहून चालत नाही, २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार सार्वजनिक आरोग्याला गंभीर धोका होईल असा आजार नाही, अशी वाक्यरचना लागते, डॉक्टरांना मजकूर आपणच टाइप करून न्यावा. आणि तिसरी इन्शुरन्स. ट्रॅव्हल इन्शुरन्स चालतच नाही! स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीची पूर्ण आरोग्य पॉलिसी हवी, पूर्ण वर्षाची आणि को-पेमेंट नसलेली, म्हणजे डॉक्टरकडे गेल्यावर आपल्या खिशातून काही भरावं न लागणारी. आम्ही घेतलेल्या पहिल्या पॉलिसीत दर तपासणीला दोन युरो असं बारीक अक्षरात होतं, ती बदलून घ्यावी लागली. या सगळ्याचं स्पॅनिश भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून, त्यांना त्रादुक्तोर हुरादो म्हणतात, स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाची यादी असते त्यातलाच माणूस धरा. पण कागद फार आधी काढून ठेवू नका, पोलीस आणि डॉक्टरचे कागद अर्जाच्या वेळी ताजे लागतात. निर्णयाला तीन महिने धरून चाला, आमचा सात आठवड्यांत आला.

पोचल्यावर सुट्टी लगेच सुरू होत नाही, पहिला महिना धावपळीचाच. उतरल्यापासून एका महिन्यात टीआयई म्हणजे परदेशी माणसाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो आणि त्यासाठी पोलिसांची ऑनलाइन अपॉइंटमेंट लागते, सिता प्रेविया. मोठ्या शहरांत ती मिळता मिळत नाही, आम्ही रोज सकाळी उठल्या उठल्या दोघं दोन फोन घेऊन बसायचो, अकराव्या दिवशी मिळाली. त्याच प्रांतातल्या दुसऱ्या गावातलं पोलीस स्टेशन चालत असेल तर तेही घ्या, लाजू नका. जाताना ईएक्स-१७ हा कार्डाच्या अर्जाचा फॉर्म, ७९० कोड ०१२ या फॉर्मवरची कार्डाची फी बँकेत भरल्याची पावती (बँका दुपारी दोनला बंद होतात, सकाळीच जा) आणि स्पॅनिश मापाचे म्हणजे ३२ बाय २६ मिलिमीटरचे फोटो. व्हिसासाठी काढलेले आपले मोठे फोटो तिथे घेतले नाहीत.

त्याआधी पाद्रोन, म्हणजे नगरपालिकेत आपण या पत्त्यावर राहतो ही नोंद. आमच्या पहिल्या घरमालकाने ऐनवेळी सांगितलं की या पत्त्यावर नोंद करू देणार नाही, आणि डिपॉझिट देऊन बसलेलो आम्ही अक्षरशः रडकुंडीला आलो. तीन आठवड्यांत दुसरं घर शोधलं. म्हणून सांगते, भाड्याच्या करारावर सही करण्याआधी एवढा एकच प्रश्न लेखी विचारा, पाद्रोन करू देणार का. बाकी घराचा रंग, बाल्कनी, सगळं नंतर.

टॅक्सचं फार कुणी सांगत नाही. एका कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांच्या वर राहिलात की स्पेन तुम्हाला तिथला टॅक्स रेसिडेंट धरतो आणि मग जगभरच्या उत्पन्नाचा हिशोब तिथे द्यावा लागतो, बाहेरची मालमत्ता एका प्रकारात ५० हजार युरोंच्या वर असेल तर ती पण जाहीर करायची. आमच्या तारखा त्यामुळेच अशा आहेत. ऑगस्ट ते डिसेंबर १४९ दिवस, जानेवारी ते जून १७७, दोन्हीकडे १८३ च्या आत. मधल्या छोट्या सहली यातून वजा होतील असं गृहीत धरू नका, सहसा होत नाहीत. आणि जोडीदार आणि लहान मुलं तिथे राहणार असतील किंवा पैशाचे मुख्य व्यवहार तिथून होणार असतील तर नुसत्या दिवसांवर विसंबू नका, टॅक्स सल्लागाराला पैसे देऊन विचारा, ते पैसे वाया जात नाहीत.

हे सगळं एकदा मार्गी लागलं आणि मग जे महिने मिळाले ते मी कशाशीही बदलणार नाही. वालेन्सियात १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेर वळवली आणि जुन्या पात्रात बाग केली, नऊ किलोमीटर लांब, वर जुने पूल तसेच आणि खाली झाडं. रोज संध्याकाळी आम्ही तिथे चालायचो. काही दिवसांनी बाकावरच्या आजी नावाने हाका मारायला लागल्या. सरकारी भाषा शाळेत प्रवेशाच्या तारखा वर्षातून ठरलेल्या असतात, आमची पहिली चुकली, तुम्ही निघायच्या आधीच बघून ठेवा, कारण काम नसलेल्या माणसाच्या दिवसाला एक तरी ठरलेली वेळ लागते, पहिल्या दोन महिन्यांत ते मला फार जाणवलं.

टीआयई हातात आल्यावर बाकीच्या शेंगेन देशांत फिरता येतं, पण तिथे पुन्हा ९० दिवसांचाच नियम, स्पेनमधले दिवस मात्र त्यात धरत नाहीत. पुढे राहायचं असेल तर कार्ड संपायच्या दोन महिने आधीपासून रिन्यूअलचा अर्ज करता येतो. आम्ही केला नाही. निघायच्या आठवड्यात बँक खातं, वीज, इन्शुरन्स बंद केलं आणि पाद्रोनमधून नाव काढायचा अर्ज देऊन त्याची शिक्का मारलेली प्रत घेतली, ती आणि विमानाची तिकिटं अजून फाइलमध्ये ठेवलीत, कधी निघालो असं कुणी विचारलंच तर दाखवायला.