शरणपूरचा जेकब आणि माझी नाईट शिफ्ट

जय ख्रिस्त मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. नाशिक सोडून इंग्लंडला येऊन मला आता चौथं वर्ष लागलं. एका केअर होममध्ये नाईटची शिफ्ट लीड आहे, रात्री 8 ते सकाळी 8, हाताखाली चार केअरर आणि सांभाळायला अठ्ठावीस आजी-आजोबा. घरून फोन आला की कुणीतरी विचारतंच, एवढं शिकून तिकडे म्हाताऱ्यांचे डायपर बदलतेस का गं. हो, बदलते. आणि त्या कामानेच मला जे शिकवलं ते आज सांगायचंय.

जे स्वतः हलू शकत नाहीत त्यांची रात्रभर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर टाच, माकडहाड अशा ठिकाणी कातडी दबून राहते, तिथे रक्त पोचत नाही आणि बेडसोर होतो. त्याचा एक चार्ट असतो, 12, 2, 4, 6, प्रत्येक वेळेसमोर सही करायची. मी नवीन लीड झाले तेव्हा माझे सगळे चार्ट एकदम भरलेले असायचे आणि मला वाटायचं वा, टीम चांगली मिळाली. एका पहाटे एका आजोबांचा मोजा सहज काढला तर टाच लाल दिसली, बोटाने दाबून सोडली, खरं तर दाबलेली जागा पांढरी होऊन मग परत लाल व्हायला पाहिजे, पण ती लाल ती लालच. म्हणजे आत इजा सुरू झालेली. चार्टवर 4 ची सही होती आणि आजोबा संध्याकाळी झोपवले होते तसेच्या तसे पडलेले.

मी खूप चिडले. सगळ्यांना ओरडले, लेखी ताकीद दिली, रोज चार्ट तपासायला लागले. झालं काय, तर चार्ट आणखी नीटनेटके झाले, टाचा काही सुधारल्या नाहीत.

मग एका ब्रेकमध्ये ज्या मुलीने ती सही केली होती तिच्यासोबत चहा घेऊन बसले आणि शांतपणे विचारलं. ती म्हणाली, मला वाटायचं हा इन्स्पेक्शनवाल्यांसाठीचा कागद आहे, न वळवल्याने नक्की काय होतं ते मला कुणी सांगितलंच नाही. ह्यात तिची चूक किती आणि माझी किती, मला त्या रात्री नीट झोप... म्हणजे सकाळी नीट झोप लागली नाही. मी तिला काम दिलं होतं, ते कशासाठी हे दिलंच नव्हतं.

आणि पप्पा आठवले. पप्पा सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत ब्रेकच्या पार्ट्सच्या लाइनवर सुपरवायझर होते, नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला मशीनकडे न्यायचेच नाहीत, गेटबाहेर रस्त्यावर उभं करायचे आणि वणीच्या घाटात जाणारी भरलेली गाडी दाखवून म्हणायचे, बघ, तुझा पार्ट ह्यात बसणारे आणि ह्यात तुझी आई बसणारे. बस, मग आत.

आता मी पण तसंच करते. नवीन केअररला आधी खोलीत नेते, आजोबांची परवानगी घेऊन तिच्या बोटाने टाच दाबून बघायला लावते, आणि सांगते की ह्या माणसाने आयुष्यभर बस चालवलीये, ही टाच त्या पेडलवर होती.

मागच्या महिन्यात सुट्टी होती म्हणून लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबे बघायला गेले. आत मधोमध फरशीत आफ्रिकेत आयुष्यभर फिरलेले स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन ह्यांच्या कबरीची काळी शिळा आहे, तिच्यावर सुरुवातीलाच लिहिलंय की विश्वासू हातांनी जमीन आणि समुद्र ओलांडून ज्यांना इथे आणलं ते इथे विसावलेत. मी तिथेच थबकले. कारण त्या हातांपैकी काही हात आपल्या नाशिकचे आहेत!

शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण ते नाव कुठून आलं हे कितीजणांना माहितीये? 1850 च्या दशकात विल्यम प्राइस नावाच्या मिशनऱ्याने ही वस्ती वसवली, आणि हिंदी महासागरात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे आसरा मिळाला, शाळा मिळाली, हातात काम मिळालं. त्यातलाच एक जेकब वेनराइट. 1872 मध्ये तो आणि नाशिकची आणखी काही मुलं लिव्हिंगस्टन ह्यांच्या मदतीला आफ्रिकेत गेली. 1 मे 1873 ला लिव्हिंगस्टन वारले, आजच्या झांबियात. आता विचार करा, साहेब गेला, हुकूम द्यायला कुणी नाही, पगार देणारा नाही, जंगल, आजारपण. घरी निघून जायला कुणी अडवलं नसतं. पण चुमा आणि सुसी हे त्यांचे जुने आफ्रिकन सोबती, जेकब आणि बाकीच्यांनी त्यांचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं, मग देह मीठ लावून उन्हात वाळवला आणि जवळजवळ नऊ महिने, 1500 किलोमीटरच्या वर, समुद्रापर्यंत खांद्यावर वाहून नेला. वाटेत कॅमेरॉन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने सुचवलं की इथेच पुरा, तर ते नाही म्हणाले. 18 एप्रिल 1874 ला ॲबेत अंत्यविधी झाला तेव्हा मानाने शवपेटीसोबत चालणाऱ्यांत जेकब होता. शिळेवर मात्र त्याचं नाव नाही, फक्त हात आहेत. मी खाली बसून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मराठीत प्रार्थना केली, मला राहवलंच नाही.

लीडरशिपच्या ट्रेनिंगमध्ये मोटिव्हेशनवर खूप स्लाइड्स दाखवतात. मला वाटतं ह्या माणसांनी जे केलं ते कुठल्याही बोनसने होत नाही, कामाचं कारण त्यांचं स्वतःचं झालं होतं म्हणून झालं. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू मोलकरी आणि मेंढपाळ ह्यांच्यातला फरक सांगतो ना, लांडगा आला की मोलकरी पळतो, मेंढपाळ मेंढरांसाठी थांबतो, तेच.

पण एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण मी हे भोगलंय. आधीच्या एका ठिकाणी मॅनेजर सारखी म्हणायची की ही नोकरी नाही, ही सेवा आहे, आणि ट्रेनिंगचे तास पगारात धरायची नाही. बायबलमध्ये पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की जे काही कराल ते माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे वचन आपण ऑफिसात फ्रेम करून लावतो. पण पौल ते दासांना, म्हणजे गुलामांना लिहीत होता, आणि लगेच पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत तो धन्यांना बजावतो की दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. हे वचन फ्रेम केलेलं मी कुठे पाहिलं नाही. उद्देश सांगायचा आणि घामाचे पैसे खायचे हे ख्रिस्ती नेतृत्व नव्हे, हे पाप आहे. गावाकडे जे माझे भाऊबहीण वर्कशॉप चालवतात, शाळा चालवतात, त्यांना हात जोडून विनंती आहे की पहिलं वचन कामगाराला वाचून दाखवायच्या आधी दुसरं स्वतः वाचा.

परवा रात्री एक आजी बाथरूममध्ये पडल्या. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांच्याजवळ फरशीवर बसून होते, अडीच तास, बाकी मजल्यावर काय चाललंय मला काहीच माहीत नाही. साडेचारला वर आले, चार्ट बघितले तर 4 चा रकाना सगळीकडे कोरा. पोटात धस्स झालं. खोलीत गेले तर आजोबा डाव्या कुशीवर, टाचेखाली उशी. पुढच्या खोलीत पण तसंच. त्यापुढच्याही. ती मुलगी कॉरिडॉरच्या टोकाकडून घामाघूम येत होती, म्हणाली सॉरी, लिहायला वेळ नाही मिळाला, आधी सगळ्यांना वळवून घेतलं.

मी तिला पेन दिलं आणि चहा ठेवला.