इटालियन क्रियापदांचा जोर

इटालियन लिहिलंय तशी वाचायची, हे खरंच. पण शब्दात जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा, ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं! जोर शेवटच्या अक्षरावर असेल तर तिथे तिरकी रेघ काढावीच लागते. एरवी तुम्हाला ते माहीत आहे असं गृहीत धरतात.

मी जोराच्या जागी ऽ लावते. पाऽर्लो म्हणजे 'मी बोलतो', पार्लोऽ म्हणजे 'तो बोलला'. इथलं ठरलेलं उदाहरण याहून गमतीचं: काऽपितानो (घडतात), कापिताऽनो (कप्तान), कापितानोऽ (त्याने नेतृत्व केलं). मराठीत जोर हलला म्हणून अर्थ असा बदलत नाही, त्यामुळे आपला कान तो टिपायला सरावलेलाच नसतो. जोडाक्षरात मात्र आपण पुढे. 'वाचणे' म्हणजे लेऽज्जेरे, फोड लेज्-जे-रे. कच्चा-पक्का म्हणणाऱ्याला त्यात काय अवघड?

बहुतेक शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, म्हणून आपण सगळीकडे तोच ठोकून देतो. 'ते' या रूपात नेमकं तिथेच फसायला होतं. 'ते राहतात' हे आबिताऽनो नव्हे, आऽबितानो. जोर थेट शेवटून चौथ्या अक्षरावर. वर्गात प्रत्ययांचे तक्ते घोकून घेतात, पण माझ्या मते त्याआधी एवढं सांगायला हवं: वर्तमानकाळात 'मी'चा जोर जिथे, तिथेच 'ते'चा. आऽबितो, म्हणून आऽबितानो. 'आम्ही' आणि 'तुम्ही' मात्र जोर प्रत्ययावर ओढतात: आबित्याऽमो, आबिताऽते. आज्ञार्थाला सर्वनामांची शेपटं जोडली तरी जोर जागचा हलत नाही. पोऽर्ता म्हणजे 'आण', पोऽर्तामेलो म्हणजे 'ते मला आणून दे'.

खरी डोकेदुखी 'एरे'वाल्या, म्हणजे मूळ रूप 'एरे'ने संपणाऱ्या, क्रियापदांची. 'आरे' आणि 'इरे'वाल्यांच्या मूळ रूपात जोर ठरलेला, प्रत्ययावर. इथे मात्र 'पाहणे' वेदेऽरे, तर 'घेणे' प्रेऽन्देरे. शेवट तोच, जोर वेगळा, आणि नुसतं बघून ओळखता येईल अशी खूण नाही. एकेक पाठ करायचं. 'पटवून देणे' याचं शुद्ध रूप पेर्सुआदेऽरे. पण पेर्सुआऽदेरे म्हणणारे अस्सल इटालियन खुशाल भेटतात, आणि त्यांना टोकणारेही.