दावण

रविवार, रात्रीचे अकरा वाजून गेलेत.

आत्तेंचं वाक्य एवढंच होतं. "अगो, परत दावण घातलीस होय गो?"

सगळे हसले. मीही हसले. ह्यांचं हसू सगळ्यात उशिरा थांबलं, ते एक सोडूनच देते. चहा झाला, आत्ते काठी टेकत माजघरात गेल्या, भांडी झाली, निरवानिरव झाली, आणि मी अजून त्या वाक्यापाशीच उभी आहे.

गोठ्याची मी योगासनांसाठी खोली केली आहे, तिथे त्या आल्या तेव्हा मी दोरीत होते, हेच वाईट झालं. खालच्या दोन हुकांची दोरी जांघांच्या खोबणीत अडकवलेली, टाचा भिंतीपाशी, तळवे पुढे जमिनीवर, डोकं खाली. अधोमुख श्वानासन. दोरीने मागे धरून ठेवलं की पाठ लांब होते आणि मनगटांवर फारसा भार येत नाही. माझ्या कमरेचं जे काही आहे त्याला ह्याच्याइतका उतार दुसऱ्या कशाने पडत नाही. पण दारातून बघणाऱ्याला माझी कंबर काय सांगणार? त्याला दिसते चार पायांवर ओणवी झालेली बाई, तिला दोरी, दोरी भिंतीला. आणि भिंत गव्हाणीची.

भिंत गव्हाणीचीच आहे. दुसरी कुठली घेणार होते? पूर्वेकडच्या भिंतीला दार, पश्चिमेच्या भिंतीला लोणा लागून बोट लावलं की पूड पडते, चौथी तर निम्मी उघडीच होती. जाड, सलग, धड अशी ती एकच. चिरा मऊ. पहिले हुक नुसते ठोकून बसवले तर दोरीला हात लावल्याबरोबर लाल भुकटीसकट हातात आले. मग वेल्डरकडून लोखंडी पट्ट्या करून आणल्या, बोल्ट भिंतीतून आरपार काढले आणि बाहेरून आवळले. चार हुक कमरेच्या उंचीला, दोन डोक्याच्या वर. गवंडी म्हणाला, "वहिनी, आता म्हैस बांधलात तरी हलायचं नाही." तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. उलट मी त्याला आणखी एक चहा दिला होता.

म्हणजे हे आधीच कोणीतरी बोलून गेलं होतं. मग आत्तेंचंच का लागलं?

तांबू गाय गेल्यापासून गोठ्यात काय नव्हतं? सोडणांचा ढीग, आंब्याच्या फुटक्या पेट्या, ह्यांची पहिली सायकल, पाणचुलीचं भोक पडलेलं तपेलं. उपसायला चार दिवस लागले. त्यातली निम्मी अडगळ कोणी ना कोणी "असू दे गो" म्हणून परत घरात नेली. चिरंजीवांच्या मनात तिथे पाहुण्यांसाठी खोली काढायची होती. त्यावर आज नको.

सगळ्यात जास्त छळलं जमिनीने. गोठ्याची जमीन मोरीकडे उतरती असते, असायलाच हवी. पण आमच्या गवंड्याने जुना कोबा फोडून नवी शहाबादी फरशी घातली तीही त्याच उताराने. सवयीने. मला कळलं ते वृक्षासनात. रोज डाव्या पायावर नीट उभी राहणारी मी, उजव्या पायावर आले की मोरीकडे झुकत होते. आठ दिवस मी आपल्या वयाला दोष दिला. मग एक सुपारी ठेवून पाहिली. दोन क्षण थांबली, मग निघाली ती थेट जुन्या मोरीच्या तोंडाशी. गवंड्याला बोलावून दाखवली. तो म्हणाला, "गोठ्याला उतार लागतोच ना, वहिनी." अरे पण गोठा राहिलाय कुठे?

हेच ते. गोठा राहिलाय कुठे, असं एकटी मीच म्हणते आहे.

परवा धाकटीचा फोन आला तर चिरंजीव तिला सांगत होते, "आई गोठ्यात आहे." नंतर बोलावते, झोपली आहे, अंघोळीला गेली आहे, तसंच. पोस्टातली आरडी मोडून चौदा बाय दहाची ही एवढी खोली मी उभी केली. दोन काचेची कौलं चढवली, दार बदललं, वासे घासून तेल दिलं. तरी नाव गोठाच. पुण्याला धाकटीकडे होते ते आठ महिने ज्या संस्थेत जात होते, तिचं नाव रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था. रमामणी म्हणजे अय्यंगार गुरुजींच्या पत्नी. त्या १९७३ मध्ये गेल्या, वास्तू सुरू झाली १९७५ मध्ये. मॉडेल कॉलनीत रिक्षा सांगायची असली की बायका नुसतं 'अय्यंगारांकडे' म्हणत, पण पाटीवर नाव तिचं आहे. आत शिरताना मी रोज पाटी वाचायचे. तिला ती बघायला मिळाली नाही, ह्याचं का कोण जाणे, मलाच वाईट वाटायचं. माझ्या खोलीला पाटी नको. पण एकाने तरी गोठा म्हणू नये एवढं मागणंही फार आहे का?

लिहिताना कळतंय की मी भलतीकडे चालले आहे. नावाचं नाही मला लागलेलं. लागलं 'परत' हे.

दावण म्हटली असती तर हसून सोडलं असतं. परत दावण. म्हणजे पहिली कोणती? तांबूची? की आत्तेंनी मला लग्न होऊन आल्या दिवसापासून पाहिलंय, पहाटे चारला धार काढायला जाताना, बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात शेणाची पाटी उचलताना, त्यातलं काही? की त्यांची स्वतःची? त्या ह्या घरात परत आल्या तेव्हा तिशीच्याही नव्हत्या म्हणे. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. मीही कधी विचारलं नाही.

आणि खरं सांगू का, थोडं बरोबरही आहे त्यांचं. सत्तावीस वर्षं मी त्याच भिंतीकडे तोंड करून वाकले. आता स्वतःची म्हणून जागा मिळाली, तर निवडली कुठली? तीच. तिथेही वाकतेच आहे. भिंतीत एक चिरा आहे, तांबू मान घासायची तिथला. इतका गुळगुळीत की पाटा वाटावा. बाकी भिंतीला गिलावा केला, तेवढा चिरा मी उघडा ठेवायला लावला. गवंडी म्हणाला, "डाग दिसेल." दिसू दे म्हटलं. म्हणजे मलाही गोठा पुसायचा नव्हताच. मग रागावते कोणावर?

मंगळवार

परवाचं वाचलं. केवढं ते रडगाणं! एका चार शब्दांच्या थट्टेवर चार पानं.

आज पहाटे पाऊस जरा उघडला होता. खोलीत गेले. कौलातून येणारा उजेड भिंतीवर पडतो त्याचा ताव्याएवढा चौकोन होतो आणि सात वाजेपर्यंत तो खाली खाली उतरत राहतो. तोच आपला वेळ. हात वर ताणायचे तर मात्र आढ्याखालीच उभं राहावं लागतं. वळचणीकडे सरकलं की बोटं वाशांना लागतात. म्हणजे सरळ उभं राहायची जागा एका चटईपुरतीच आहे. बाकी सगळी खोली वाकायचीच. आत्तेंना हे सांगितलं तर आणखी एक वाक्य मिळेल.

दोरीत गेले आणि एकाएकी हसू आलं. तांबूला दावं दुसऱ्याने बांधलं. तिने मागितलं नव्हतं. मी मात्र फोनवरून चौकशी करून, सुती हवी, एवढी जाड हवी असं सांगून, साडेआठशे रुपये आणि वर कुरिअरचे वेगळे भरून दावं मागवलं. आलं ते वजन करून पाहिलं. हुक आपल्या मापाने बसवून घेतले. सुटायला दोन सेकंद लागतात. अशी गाय आमच्याकडे असती तर सासऱ्यांनी तिला दृष्ट काढून ठेवली असती.

शुक्रवार

तीन दिवस नुसता कोसळतोय. वीज नाही, कपडे वाळत नाहीत, पडवीत दोऱ्या कमी पडतात. चटईला वास यायला लागलाय, लिंबाचं पाणी फिरवून ठेवली.

दुपारी खोलीचं दार उघडलं तर वरच्या हुकांपासून खालच्या हुकांपर्यंत माझ्या दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर ह्यांचे दोन पंचे, लेंगा, चिरंजीवांची जीन्स, आणि सगळ्यात कडेला, त्या गुळगुळीत चिऱ्यावरून लोंबणारं आत्तेंचं पातळ, पिळून नीट चौपदरी घातलेलं. जीन्समधून पाणी गळून फरशीवर ओघळ आला होता. ओघळ कुठे गेलाय ते आधी बघितलं. जागच्या जागी पसरला होता. उतार गेलाय.

पंचे, लेंगा, जीन्स काढून पडवीत नेऊन टाकले. चिरंजीवांना दोन शब्द ऐकवले, ते त्यांनी कानात बोंडं घालून ऐकले.

पातळ तेवढं राहू दिलं. नऊवारी आहे, ह्या हवेत वाळायला दोन दिवस तरी घेईल. उद्या दोरीशिवायच करते.