तुम्ही विचारलंत म्हणून: गन मीच का भरतो

"मिस्त्री, दोन पोरं कामाला आहेत, तरी ग्रीस गन तुम्हीच का भरता?" गॅरेजवर येणारा प्रत्येक ट्रॅक्टरवाला कधी ना कधी हे विचारतोच. ग्रीस गन म्हणजे यंत्राच्या सांध्यांत दाबानं ग्रीस भरायची हातपिचकारी. मी डब्यापुढे उकिडवा बसलेला दिसलो की हसतात. चिकट आहे म्हणतात, संशयी आहे म्हणतात. चिकट नाही.

पूर्वी मीही इतरांसारखाच होतो. पत्र्याच्या पट्टीनं ग्रीसचे गोळे उचलायचे, गनच्या नळीत कोंबायचे, पुढचं हेड आवळायचं. कोपरापर्यंत हात माखायचे आणि त्याचीच ऐट वाटायची. दोन गोळ्यांच्या मध्ये हवा कोंडते हे ठाऊक होतं, पण मारता मारता निघून जाते, असं म्हणायचो. जातेही कधी कधी, म्हणूनच सवय मोडत नाही.

रब्बीच्या तोंडावरची गोष्ट. रात्रीचे नऊ वाजून गेलेले, सकाळी रोटाव्हेटर रानात हवा म्हणून मालक डोक्यावर बसलेला. गन मीच भरली होती, घाईत. पोरगं पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही टोकांच्या क्रॉसला (फिरत्या सांध्याला) ग्रीस मारत होतं. म्हणालं, "काका, हँडल लई हलकं चाललंय."

मी मान वर न करता म्हणालो, "मग बरंय की, हात दुखायचा नाही. दहा मार आन् पुढचं घे."

त्यानं इमानानं दहा-दहा मारले. मी वहीत 'ग्रीसिंग केले' लिहिलं. गनचं नोजल निप्पलवर, म्हणजे सांध्यावरच्या ग्रीस घ्यायच्या तोंडावर, बसलेलं असलं की आत काय जातंय ते दिसत नाही. सीलच्या कडेनं जुनं काळं ग्रीस बाहेर आलं तरच नवं आत गेलं म्हणायचं. तेवढं मी वाकून बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. क्रॉस तुटला होता. मिनिटाला ५४० फेरे घेणारा शाफ्ट एका बाजूनं सुटला की काय करतो, ते वाकलेल्या पत्र्यावर दिसत होतं. मालकाचा मुलगा मागं उभा असायचा, तो नेमका पाणी प्यायला बांधावर गेला होता. क्रॉसचा कप उघडला, तर आतल्या बेअरिंगच्या सुया तांबड्या भुकटीत पडलेल्या, कोरड्या ठणठणीत. परत येऊन गनचं हेड उघडलं. नळी भरलेलीच होती, फक्त तोंडाशी लिंबाएवढी पोकळी. वीसच्या वीस स्ट्रोक हवेचे.

आता वकिली करायची तर क्रॉस जुना होता, आणि मालक वळणावर रोटाव्हेटर चालू ठेवूनच उचलायचा. हे मी त्याला सांगितलं, तरी अर्धे पैसे भरले. पोराला मात्र 'चूक माझी' म्हणायला मला दोन दिवस लागले. ते दोन दिवस ते माझ्याकडे बघत नव्हतं. दिवाळीला गावी गेलं ते परत आलं नाही. त्यामुळेच गेलं का, माहीत नाही.

तेव्हापासून कोंबणं बंद. डब्यातलं ग्रीस आधी पट्टीनं सपाट करतो, खड्डा ठेवत नाही. नळीचं उघडं तोंड त्यात दोन बोटं खोल दाबतो आणि मागची सळी सावकाश ओढतो. घाई केली की कडेनं हवा शिरते. थंडीत ग्रीस घट्ट होतं, तेव्हा डबा आधी तासभर उन्हात. नळी थोडी फिरवून उचलली की शेपूट तुटतं, कडा पुसली की हात कोरडे. मग हेड पूर्ण आवळत नाही, दोन आटे सैल ठेवतो. सळी खाचेतून सोडली की स्प्रिंग दट्ट्या दाबते आणि आट्यांतून आधी फुसफुस, मग ग्रीस येतं. तेव्हा आवळायचं. पहिले स्ट्रोक कागदावर. सलग दोरी आली तरच गन निप्पलला लागते. कुणी नोजलवर बोट ठेवून बघायला लागलं तर मी हातच धरतो. साध्या हातगनचा दाबही हजारो पीएसआय असतो, ग्रीस कातडीतून आत घुसतं. भोक टाचणीएवढं दिसलं, दुखलं नाही, तरी तडक दवाखाना.

राहिलं ठेवण्याचं. मी सळी मागं ओढून खाचेत अडकवतो, गन आडवी ठेवतो, नोजलला चिंधी. स्प्रिंग रात्रभर दाबत राहिली की ग्रीसमधलं तेल सुटून फळीवर थारोळं होतं. शेजारचा जेसीबीवाला म्हणतो, मागं ओढताना तुम्हीच हवा आत घेता. मी भांडलो. मग दोन महिने एक गन माझ्या पद्धतीनं ठेवली, एक त्याच्या. त्याचीतून तेल गळलं. माझीनं सकाळी पहिले सात-आठ स्ट्रोक हवा मारली.