खारपाणपट्ट्यात वालाचं मटण

पौषात तुरीचं खळं उरकलं की अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडच्या गावांतून वालाच्या मटणाचं काम येतंच. या वेळी पन्नास माणसांचा स्वयंपाक होता: बोकडाचं मटण 10 किलो, सुके वाल 3 किलो. शेतावर पोचल्यावर आधी वालाची बादली पाहिली. रात्रभर भिजूनही सालं सुरकुतलेली. दाणा दातानं तोडला तर मध्ये पांढरा, कोरडा. वाल याच हंगामातले होते. भिजवले मात्र बोअरच्या पाण्यात, अन् हा सारा पट्टा पूर्णा नदीच्या खारपाणाचा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट अन् जड.

घरच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, मटणातच टाकून द्या ना, शिजतील." नाही शिजत. जड पाण्यातलं कॅल्शियम अन् मॅग्नेशियम दाण्याच्या सालाला आणि गराला घट्ट बांधून ठेवतं. मटण हाडापासून सुटलं तरी वाल दाताखाली कचकच लागतो. त्यात टमाटर लवकर पडलं तर आणखीच पंचाईत, कारण आंबटानंही दाणा मऊ होत नाही.

गावातून नळयोजनेचं पाणी मागवलं. भिजवणीचं पाणी फेकलं, वालाचा कडवटपणा त्यातच उतरलेला असतो. दाणे दोनदा धुऊन वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळत्या गोड्या पाण्यात टाकले अन् दोन लहान चमचे खायचा सोडा घातला. त्याहून जास्त घातला की सालं निघतात, रश्श्याला साबणाची चव येते. सव्वा तासानं दाणा बोटांत चेपला, पण फुटला नाही. तिथंच उतरवला. उरलेलं शिजणं रश्श्यातच व्हावं, तरच मसाला आत जातो.

तोवर मोठ्या गंजात दीड लिटर फल्ली (शेंगदाणा) तेलात तेजपान अन् 4 किलो कांदा लाल केला. त्यावर पाव किलो आलं, 400 ग्रॅम लसूण, मग मटण, हळद, निम्मं मीठ. झाकून अर्धा तास स्वतःच्याच पाण्यात. वाटणाला पाऊण किलो सुकं खोबरं, 300 ग्रॅम धणे, 100 ग्रॅम खसखस, मूठभर दगडफूल, मिरे, लवंग, दालचिनी. खोबरं सगळ्यात शेवटी, मंद आचेवर भाजावं. जळलं तर तो कडवटपणा कशानंच जात नाही. तिखट 400 ग्रॅम, निम्मं भिवापुरी मिरचीचं. हे सारं मटणात घातल्यावर तेल सुटेपर्यंत सराटा (उलथणं) थांबवू नये. इथं घाई झाली की तर्री, म्हणजे वरचा लाल तवंग, येत नाही अन् धण्याचा कच्चा वास राहतो.

मग 12 लिटर पाणी, गरमच. थंडीत गार पाण्यानं तुटलेली उकळी लवकर धरत नाही. जाळ पेटवायला पऱ्हाटी (कपाशीची वाळली झाडं) चांगली, पण ती भसकन जळते. पुढं बाभळीचंच लाकूड हवं. मटण पाऊण शिजलं तेव्हा गाळलेले वाल आणि उरलेलं मीठ घातलं. टमाटर त्यानंतर अर्ध्या तासानं.

वाल पडल्यावर खरा धोका बुडाचा. पीठ सुटून खाली बसतं अन् लागतं. करपल्याचा वास आलाच तर तळ खरवडू नये. लाकडं ओढावीत, वरचं दुसऱ्या गंजात काढून घ्यावं. म्हणून दुसरा गंज धुऊन जवळच ठेवला होता. उतरवल्यावर वीस मिनिटं झाकून ठेवलं, तर्री वर आली, सांबार (कोथिंबीर) पेरला. पहिली पंगत बसेपर्यंत रस्सा दाटला होता. भाकर कुस्करायला पातळच लागतो, म्हणून दोन लिटर उकळतं पाणी घालून पुन्हा एक उकळी दिली.