सिरपूर तलाव : दुपारी मुळीच जाऊ नये

“थंडीत सिरपूरला केव्हाही जा, रिक्षातून उतरलास की समोर पक्षीच पक्षी,” असे इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या मामेभावाने छातीठोकपणे सांगितले आणि त्याच्या शब्दावर विसंबून मी जानेवारीतल्या एका दुपारी अडीच वाजता निघालो, ही माझी पहिली चूक. राजवाड्याजवळ रिक्षात बसण्यापूर्वी भाडे ठरवले नाही, ही दुसरी. धार रस्त्यावरच्या या तलावासाठी माझ्याकडून 250 रुपये घेतले गेले आणि उतरवले तेही भलत्याच काठावर. परतताना तेवढ्याच अंतराचे 90 रुपये पडले.

त्या काठावरची वाट वाट म्हणण्याजोगी नाही. बेशरमाच्या झुडपांतून अर्धा तास चालताना एक बूट घोट्यापर्यंत चिखलात रुतला, तो ओढून काढेपर्यंत हातातली दुर्बीणही माखली आणि एवढे करून पाण्याशी पोहोचलो, तेव्हा ऊन थेट डोळ्यांवर येत असल्याने समोरचे सगळे पक्षी नुसते काळे ठिपके दिसत होते. 2022 साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेले स्थळ ते हेच का, असे मी त्या वेळी मोठ्याने म्हणालो.

हट्टाने दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी भावाची स्कूटर घेऊन मुख्य प्रवेशद्वाराशी गेलो. होळकरांच्या काळात बांधलेला हा तलाव भर पावसाळ्यातही सुमारे दोन मीटरच खोल असतो आणि या उथळपणामुळेच बदके व पाणथळीत चालणारे पक्षी काठाजवळ चरतात. हळदीकुंकू बदकांची जोडी तर इतकी जवळ आली, की चोचीच्या मुळाशी असलेले लाल ठिपके आणि टोकाचा पिवळा रंग दुर्बिणीशिवाय दिसला. कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी नावाचे पक्षी शेकड्यांनी होते (नाव ठेवणाऱ्याने नीट पाहिले होते म्हणायचे), शिवाय पळीसारख्या चोचीने पाणी गाळणारे थापटे, जांभळ्या पाणकोंबड्या आणि पानांवरून चालणारे कमळपक्षी. दोन तासांत वहीची चार पाने भरली.

तेव्हा जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणि पहाटेच जावे, स्वतःच्या वाहनाने जावे, रिक्षाच करायची असेल तर मुख्य प्रवेशद्वाराचे नाव घेऊन भाडे आधी ठरवावे आणि मागच्या काठाच्या वाटेला कुणी कितीही आग्रह केला तरी जाऊ नये. मामेभावाला हे सारे ऐकवले. त्यावर तो स्वतः सिरपूरला शेवटचा कॉलेजात असताना गेला होता, असे निष्पन्न झाले.