केळी, करपा आणि माझा ‘क’

मी रावेर तालुक्यातल्या केळी पिकवणाऱ्या घरातला, आणि माझी जीभ सर्वाधिक अडते ती ‘क’ या अक्षरावर. वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला पहिल्या वर्षी सेमिनारसाठी मी केळीवरील करपा हा विषय घेतला, कारण तो रोग मी लहानपणापासून बागेत पाहत आलो होतो. बोलताना मात्र केळीला ‘हे पीक’ आणि करप्याला ‘हा रोग’ म्हणत राहिलो. शेवटी एका प्राध्यापकांनी विचारले, “रोगाचे नाव तरी सांगाल का?” त्यांना माझी तयारी कच्ची वाटली आणि तसे वाटणे साहजिकच होते.

तोतरेपण लपवणाऱ्याचे अर्धे लक्ष पुढच्या वाक्यात अवघड शब्द कोठे दडला आहे, ते हुडकण्यातच जाते. शाळेत सर्वांबरोबर प्रतिज्ञा म्हणताना मी कधीच अडखळलो नाही. हजेरीला एकट्याने ‘हजर’ म्हणताना मात्र घसा आवळला जाई. आजीने मोठ्या मायेने वेखंड उगाळून चाटवले होते.

जळगावच्या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी मला प्रथमच समजावले की हा भित्रेपणा नाही. बोलण्याच्या हालचालींचा मेंदूकडून होणारा मेळ यात बिघडतो, पुष्कळदा ते घराण्यातही असते, आणि शंभरातील सुमारे एका प्रौढ व्यक्तीला हा त्रास असतो. पूर्ण बरे होण्याचे वचन त्यांनी दिले नाही, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. आरंभीच सांगून टाका, म्हणजे लपवण्याचे ओझे उतरेल, असे त्या म्हणाल्या. मी लिहून नेलेले वाक्य ‘माफ करा’ने सुरू होत होते. त्यांनी ते दोन शब्द पेनाने खोडले.

उरलेले वाक्य मी महिनाभर घोकले. वसतिगृहातील मित्राला ते पहिल्यांदा ऐकवताना मी मध्येच थांबलो, तेव्हा तो खाटेवर मांडी घालून म्हणाला, “बोल भो, घाई काय शे?” दुसऱ्या वर्षी विभागप्रमुखांना अर्ज देऊन मी दहाऐवजी पंधरा मिनिटे मागितली आणि ती मिळाली.

सेमिनारच्या दिवशी फळ्यासमोर उभा राहून मी म्हणालो, “मी तोतरे बोलतो. काही शब्दांना वेळ लागेल. कृपया माझा शब्द पूर्ण करू नका.” त्यानंतरचा पहिलाच शब्द ‘केळी’ होता आणि तो अडला. ओठ उघडे, जीभ टाळूला चिकटलेली, आवाज नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीचे ओठ ‘के’ म्हणण्यासाठी हलले आणि मिटले. मी मान खाली घातली नाही, दुसरा शब्द शोधला नाही. शब्द आला. पुढे तो अनेकदा अडला, ‘करपा’ त्याहून अधिक वेळा अडला, परंतु पिवळ्या रेषांपासून वाळलेल्या पानापर्यंत रोग कसा वाढतो आणि दमट हवेत बुरशी कशी पसरते, हे माझ्या मनात होते त्याच क्रमाने मी सांगू शकलो.

प्रश्नोत्तरांत त्याच प्राध्यापकांनी विचारले, “फवारणीत खनिज तेल कशासाठी वापरतात?” ‘कारण’ या शब्दावर मी बराच वेळ थांबलो. सर हातातील पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. “कारण ते पानावर नीट पसरते आणि बुरशीची वाढ मंदावते,” मी म्हणालो. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला.